मिस्त्रीकाका, मनापासून आभार

काका, त्या दिवशी तुमचे नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत. तुम्हाला दाभोळला जाऊन धोपाव्याची फेरीबोट गाठायची होती, आणि मी बोलायला गेले की रडूच यायला लागलं. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची ट्रॉलर हर्णैला असते. आमचे हे गेल्यापासून बोट मीच बघते, तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी जुनेच, घरातल्यासारखे. या सिझनला पंख्याच्या शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी यायला लागलं. आता शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्यानेच पॅकिंग (ग्लँडमध्ये शाफ्टभोवती भरलेल्या दोरीच्या रिंगा) थंड राहतं, पण आमच्याकडे धार लागलेली, बोट नांगरावर उभी असली तरी खलाशाने रात्री उठून पंप लावायचा नाहीतर सकाळी इंजिनाखाली तळं.

तुमच्या आधी जे आले त्यांची नावं नाही घेत. एकाने भला मोठा पाना लावून नट आवळले, पाणी थांबलं, पैसे घेतले आणि गेला, आणि बोट बाहेर गेल्यावर ग्लँड एवढा तापला की जळका वास सुटला, पॅकिंग करपलं, शाफ्टला चर पडला, जाळं न टाकताच परत यावं लागलं, डिझेल गेलं, बर्फ गेला. दुसऱ्याने आतलं जुनं तसंच ठेवून वरून एक नवी रिंग कोंबली. मी काही विचारलं की उत्तर मात्र तांडेलाला द्यायचा, आणि शेवटी माझ्या तोंडावर म्हणाला, बाईमाणसाला काय कळतंय यातलं. बोट माझी, कर्ज माझ्या नावावर, लिलावात भावासाठी घसा फोडते मी, आणि माझ्याच बोटीवर मला बोलायची चोरी!

तुम्ही आलात, आंजर्ल्याच्या खाडीत सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बोट टेकवून घेतलीत आणि आकडीने जुनं पॅकिंग एकेक करून पार तळापर्यंत उपसलंत. शेवटची रिंग तर लाकडासारखी कडक झाली होती. ग्रीस कपची नळीच चोंदलेली निघाली, म्हणजे आम्ही कप फिरवत होतो आणि ग्रीस आत जातच नव्हतं, हे आधी कुणी बघितलंच नाही!! नव्या रिंगा तिरक्या कापल्यात, एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येणार नाही अशा बसवल्यात, हे सगळं तांडेलाने नंतर कौतुकाने सांगितलं.

पण मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. भरतीला बोट उचलली, इंजिन चालू झालं, आणि तुम्ही खालून हाक मारलीत, "बाय, खाली ये." शिडीच्या पायरीवरचं तेल स्वतःच्या फडक्याने पुसलंत. "पदर खोचून घे आधी, शाफ्ट फिरतोय," म्हणालात. आणि माझा हात धरून ग्लँडच्या अंगावर ठेवलात. "कोमट लागतंय ना? एवढंच पाहिजे. हात ठेववला नाही तर कोण काय म्हणतंय ते ऐकायचं नाही, बोट थांबवायला सांगायची." मग इंजिन बंद करून ग्रीसचा कपही माझ्याच हातून आवळून घेतलात, जड लागायला लागला की ग्रीस पोचलं, हे तेव्हा हाताला कळलं.

तांडेल, खलाशी सगळे उभे होते, आणि तुम्ही मालकिणीला शिकवत होतात. काका, एवढ्या वर्षांत बोटीवर मला असं कुणी खाली बोलावलं नव्हतं. आता बोट परत आली की मी स्वतः उतरते, हात लावून बघते, कप फिरवते, आणि कुणाची काही म्हणायची टाप नाही.

काम येणारी माणसं बंदरावर पुष्कळ आहेत, पण समोरच्याला माणूस समजून काम करणारा भेटला की त्याचं नाव घरात निघतच राहतं. माझी सासू देवाला दिवा लावताना तुमचं नाव घेते, हे खरंच सांगतेय.

आणि एक. चर पडलेला शाफ्ट या सिझनपुरता चालेल असं तुम्ही म्हणाला होतात. १ जूनला मासेमारीची बंदी लागली, बोट पावसाळ्यासाठी वर काढून शाकारली की तो काढायचाय आणि तो तुम्हीच काढायचा, माझ्या बोटीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. नंतर परत येऊन गेलात त्या दुसऱ्या खेपेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते बाजूला काढून ठेवलेत, तेव्हा गुपचूप घ्यायचे. जेवायला घरीच यायचं, काकूंनाही घेऊन या.

तुमची,
हर्णैची बाय