लाईटबिल, भाडेकरू आणि आगरातला पंप

संपादक महोदय,

भाडेकरू लाईटबिल बुडवतात अशी तक्रार घरमालकांकडून नेहमी ऐकू येते, मीपण त्यातलाच एक म्हणून हे लिहितोय, फक्त माझ्या बाबतीत गोष्ट उलटी निघाली.

मी गुहागरचा. घरामागच्या दोन खोल्या गेल्या जूनमध्ये एका सरांना भाड्याने दिल्या, बीडकडचे, नवराबायको आणि एक लहान मुलगी. त्या खोल्यांचा मीटर वेगळा आहे, बिल माझ्या नावावर येतं पण भरायचं सरांनी असं तोंडीच ठरलं होतं. डिसेंबरपर्यंत सातशेच्या आसपास येत होतं, जानेवारीचं आलं अठराशेच्या वर. सर बिल घेऊन पडवीत आले, म्हणाले काका काहीतरी गडबड आहे, तर मी त्यांनाच म्हटलं गिझर लावला असेल, इंडक्शन असेल, नायतर सरळ सांगा भरायचं नाही म्हणून. फेब्रुवारीतही तेच, आणि मग त्यांनी खरंच भरलं नाही. मी तर खोल्यांची लाईट तोडायला निघालो होतो, पण शेजारच्या वकिलांनी अडवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29, योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची लाईट-पाणी बंद करता येत नाही. वीज कंपनीलासुद्धा थकबाकीसाठी तोडायची तर आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मी कोण लागून गेलो!

शेवटी वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने सरांच्या खोल्यांचा मेनस्विच पाडला आणि आम्हा दोघांना मीटरसमोर उभं केलं. सगळं बंद, तरी मीटरवरचा लाल दिवा आपला लुकलुकतोय. मग तो मला म्हणाला, काका विहिरीवरचा पंप बंद करा बघू. पंप बंद, दिवा पण बंद. सर काही बोलले नाहीत, त्यांनी बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

झालं होतं असं की 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या आगरातले, म्हणजे बागेतले, माड पडले, वायरी तुटल्या, तेव्हा पंपाची वायर तात्पुरती मागच्या मीटरला जोडली ती तशीच राहिली (कोकणात तात्पुरतं म्हणजे किती वर्षं ते आपल्याला माहीत आहेच). तेव्हा दोन्ही बिलं मीच भरायचो त्यामुळे कळलं नाही. सर आले ते पावसात, आगराला पंपाने पाणी शिंपणं सुरू झालं डिसेंबर संपता संपता. दोन एचपीचा पंप म्हणजे दीड किलोवॅट, रोज दोन तास चालला तर तीन युनिट, महिन्याला 90. सरांचा स्वतःचा वापर 80 च्या आतबाहेर. दोन्ही मिळून 170 झाले आणि 100 युनिटच्या वरचा दर चांगलाच चढा असतो.

हिशोबाला बसलो तेव्हा मी म्हटलं 90 युनिटचे पैसे सरासरीने माझे. ही आतून म्हणाली, अहो पंप नसता तर सर 100 च्या वर गेलेच नसते, मग चढ्या दराचा भार त्यांच्यावर का? बरोबरच होतं. त्यांच्या नेहमीच्या बिलाइतके त्यांनी दिले, वरचं सगळं मी भरलं, विलंब आकारासकट.

आता पंपाची वायर काढली, त्याच्या वेगळ्या कनेक्शनचा अर्ज टाकलाय. भाडेकरार पण रजिस्टर करून घेतला, ती जबाबदारी कलम 55 प्रमाणे मालकाचीच आहे आणि मी चक्क टाळली होती. त्यात मीटर नंबर, पहिल्या दिवसाचं रीडिंग आणि बिल कोणी भरायचं हे लिहिलंय, रीडिंगचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये आहे. ज्यांचं असंच भांडण चालू असेल त्यांनी आवाज चढवायच्या आधी एकदा मेनस्विच पाडून मीटर बघावा, पाच मिनिटांचं काम आहे आणि आगरवाल्या मालकांनी तर आधी आपला पंप बघावा.

सरांची मुलगी दोन महिने पडवीत यायची बंद झाली होती, परवापासून परत येते.

एक घरमालक, गुहागर