नकाशावरचं वडगाव

संपादक महोदय,

२००५ साली गुगल मॅप्स आले आणि नकाशा सरकवत पाहायची सवय लागली. तेव्हा सर्व्हरवरून नकाशाचे चौकोनी तुकडे तयार चित्रं म्हणून यायचे; त्यावरचं नाव एकदा छापलं की छापलं. आता व्हेक्टर टाइल्समधून, म्हणजे चित्राऐवजी रस्ते-गावांचा तपशील घेऊन येणाऱ्या तुकड्यांमधून, नुसती माहिती येते, चित्र आपल्याच ब्राउझरमध्ये काढलं जातं. म्हणजे तोच नकाशा मराठीत दाखवणं फारसं अवघड उरलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, तर गावाचं मराठी नाव कोणीही भरू शकतो. तरी बऱ्याच मराठी संकेतस्थळांवर वडगाव रोमन लिपीतच भेटतं. (आणि वडगावं काय एक-दोन आहेत?) आमच्या वाड्या, ओढा आणि म्हसोबाचा माळ मी भरून टाकला, एक रविवार पुरला.

— एक वाचक, जि. सातारा