जुनं काँक्रीट नुसतं लिंपू नका

महोदय,

ऐतिहासिक काँक्रीट इमारतींची दुरुस्ती म्हणजे पोपडे पाडा, सिमेंट थापा आणि वरून जाड रंग मारा, एवढंच बऱ्याच ठिकाणी चालतं, बघून खरंच जीव तुटतो. दुखणं आत असतं हो, हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत मुरत काँक्रीटचा पीएच (म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणा मोजायचं माप) १२-१३ वरून ९ च्या आसपास आणतो, मग सळई गंजते, गंज फुगतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फुटतं. सळईच्या मागेपर्यंत खोदून गंज काढल्याशिवाय पॅच टिकत नाही. आणि मूळची खडी, वाळूचा रंग, शटरिंगच्या फळ्यांचे उमटलेले रेघोटे हे सगळं जुळतंय का ते आधी एखाद्या कोपऱ्यात सॅम्पल करून बघाच, वेळ लागला तरी चालेल. क्लोराइड टेस्ट, म्हणजे सळई गंजवणारे क्षार काँक्रीटमध्ये किती आहेत याची तपासणी, न करता टेंडर काढणं तर बंदच व्हायला पाहिजे.

– एक वाचक