खडकवासल्याच्या काठी गळ टाकणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गळाला मासा लागल्याचा झटका स्वतःच्या हाताला कळावा, एवढीच कर्करोगावर केमो घेणाऱ्या त्या मुलाची इच्छा होती. ती तुम्ही पुरी केलीत. त्याहूनही मोठे आभार मानायचे ते तीनदा तारीख बदलूनही तुम्ही कुरकुर केली नाहीत याबद्दल.

कारण इथे लिहितो, पुढे मदत करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. २१ दिवसांच्या चक्रात बाहेर नेण्याजोगा उरतो तो शेवटचा आठवडा, तोही आदल्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) बघून डॉक्टर हो म्हणाले तरच. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असतील तर बेत रद्द. १००.४ फॅरनहाइट ताप आला की थेट रुग्णालय. मध्येच तापाची गोळी दिली तर ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. म्हणूनच गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा, हे तुम्हीच सुचवलंत.

व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे बोटांतली ताकद जाते, पकड सुटते. तुम्ही सहा फुटी हलकी काठी निवडलीत आणि मुठीवर सायकलच्या हँडलची जुनी फीत गुंडाळून ती जाड केलीत. पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट केलात. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना रुतलेला गळ उपसून काढणं फार वाईट, म्हणून हे सगळ्यात मोलाचं. आमिषाला कोलंबी नको, कणीकच घेऊ, हेही तुमचंच. केमोतल्या मुलाला कोलंबीच्या वासानेच उलटी होऊ शकते. रोहूची वाट बघत बसण्यापेक्षा पटापट लागणारी चिलापी बरी, कारण मुलाच्या अंगात जेमतेम दीड तासाचं बळ असतं. चिलापीच्या पाठीचे काटे टोचतात, म्हणून मासा सोडवलात तुम्ही. त्याने हातमोजा घालून शेपटीला फक्त बोट लावलं.

खुर्चीचे पाय गाळात रुततील म्हणून खाली प्लायवूड टाकलंत. लाइफ जॅकेटचा पट्टा नेमका छातीतल्या पोर्टवर (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीवर) येत होता. सैल केला असता तर जॅकेट मानेवर चढलं असतं, म्हणून पट्ट्याखाली गॉजची घडी ठेवली.

अमेरिकेत हंट ऑफ अ लाइफटाइम, कॅच-अ-ड्रीम अशा संस्था आजारी मुलांच्या शिकारीच्या नि मासेमारीच्या इच्छांसाठीच चालतात. आम्हाला तुम्ही भेटलात.

तुमची काठी आमच्याकडेच आहे, मुठीवरची फीत काढलेली नाही. पुढच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट आला की तारीख कळवतो.

आपले,
इच्छापूर्तीच्या कामातले कार्यकर्ते