मशीनमधला गोड पाव

ओसाका, जपान

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वहिनीने पाव करण्याचे छोटे मशीन घेतल्याचे वाचून फार आनंद झाला. माझेच पाठवावे असे मनात होते. परंतु इथली वीज १०० व्होल्टची आणि आपल्याकडची २३० व्होल्टची, त्यामुळे ते सोलापुरात चालले नसते. बाबांना चहाबरोबर गोड पाव लागतोच, म्हणून मी करते ती कृती मापांसह कळवते.

भांड्यात पाते बसवून १७० मिलिलिटर दूध, ३० ग्रॅम मऊ लोणी, ३५ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम मीठ घालावे. त्यावर २५० ग्रॅम मैदा असा पसरावा की दूध दिसता कामा नये, आणि मध्ये खळगा करून त्यात ४ ग्रॅम कोरडे यीस्ट ठेवावे. गोड पावाचा वेगळा कार्यक्रम असल्यास तोच लावावा, कारण साखरेमुळे पावाचा वरचा भाग लवकर करपतो. साखर पाणी ओढून घेते आणि यीस्ट मंदावते. त्यामुळे जास्त गोड हवा म्हणून साखर वाढवलीस तर पाव बसका होईल. त्यापेक्षा वेलदोड्याची पूड घालावी. बेदाणे मात्र मशीनने सूचना दिल्यावरच घालावेत, नाहीतर ते मळताना चिरडतात.

पहिली दहा मिनिटे झाकण उघडून पाहण्यास हरकत नाही. गोळा पुरणपोळीच्या कणकेइतका मऊ असावा आणि भांड्याच्या कडा सोडत असावा; कोरडा वाटल्यास दूध चमच्याचमच्याने वाढवावे. एरवी मळण्याची काळजी करू नकोस. इथल्याच मात्सुशिता कंपनीने १९८७ साली घरगुती मशीन बाजारात आणले, तेव्हा त्यांच्या माणसांनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे राहून त्याची पीठ ओढण्याची आणि पिळण्याची लकब शिकून घेतली होती. मला ही गोष्ट फार आवडते.

खरी काळजी आपल्या उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत दूध फ्रीजमधून काढून थंडच घालावे आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणावे, अन्यथा पीठ भराभर फुगून भाजताना मध्येच खचते. रात्री वेळ लावून ठेवायची असेल, तर दुधाऐवजी पाणी आणि दुधाची पावडर वापरावी. वीज जाण्याच्या वेळा टाळून मशीन लावावे.

तुला ज्वारीचे पीठ घालून पाहावेसे वाटणार, हे मी जाणून आहे. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही उत्तम असली, तरी तिच्यात पाव फुगवून धरणारा चिकटपणा नसतो. म्हणून २५ ग्रॅम मैदा काढून तेवढीच ज्वारी घालावी, त्याहून अधिक नको.

पाव झाल्याबरोबर भांड्यातून काढून जाळीवर ठेवावा आणि तासभर तरी कापू नये. बाबांना तेवढे थांबायला सांग. पहिला पाव किती फुगला आणि वरून कोणत्या रंगाचा झाला, ते वहिनीकडून सविस्तर कळव, म्हणजे तिथल्या मैद्याप्रमाणे दुधाचे माप ठरवता येईल.

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी लेक