सरपंचाला विहीर पाहिजे

लातूर,
मार्चअखेर

प्रिय दत्ता,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. आमच्याकडं सगळे बरे. आप्पांची शुगर आहे तशीच, माझी कंबरही आहे तशीच. फोनवर हे सांगितलं असतं तर तू पहिल्या मिनिटाला हसत सुटला असतास, म्हणून लिहितोय.

विषय सरपंचाचा आहे, आपल्या त्या माशाचा. हैदराबादहून आणला तेव्हा बोटाएवढा होता. गाडी तू चालवत होतास, पिशवी माझ्या मांडीवर. आता दीड फुटाच्या वर गेलाय. एम्बू पफर म्हणजे काँगो नदीतली जात, सव्वादोन फुटांपर्यंत जाते. दुकानदार 'टाकीच्या मापानं वाढतो' म्हणाला, आणि मान तू हलवलीस. ते मी विसरलेलो नाही.

त्याला दात चारच, पण अडकित्त्यासारखे, आणि जन्मभर वाढणारे. कवचाचं खाऊन झिजले नाहीत तर तोंड उघडेनासं होतं, उपाशी मरतो. म्हणून खेकडे, गोगलगायी. माळकऱ्याच्या घरात! आधी आप्पा हॉलमध्ये जेवायला बसेनात. आता एकादशीलासुद्धा काचेसमोर खुर्ची टाकून जप करतात. सरपंचाचा एक डोळा जपमाळेवर, दुसरा स्वयंपाकघराच्या दारावर. दोन्ही वेगवेगळे फिरतात त्याचे. खेकडा फुटला की 'कट्ट' असा आवाज आतल्या खोलीपर्यंत येतो. आप्पा तेवढ्यापुरते डोळे मिटतात, मणी मात्र ओढत राहतात.

आता खरं दुखणं पाण्याचं. टाकी 800 लिटरची. खाताना एवढी घाण करतो की आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागतं, नाहीतर अमोनिया चढतो. अंगावर खवले नाहीत, औषधं सोसत नाहीत. काढलेलं पाणी मी झाडांना घालतो, पण ते कोणाला दिसतंय? परवा पाइप लावून टाकी भरत होतो आणि समोरच्या काकू रिकामी कळशी घेऊन दारात. माशाकडं बघितलं, पाइपकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत. मी कळशी भरून दिली, दुसरीही दिली. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, दत्ता. नळाला आठवड्यानं पाणी आणि मी काँगोच्या माशाला आंघोळ घालतोय.

आणि ही टाकी त्याला पुरत नाहीच. वळताना शेपूट काचेला घासतं. त्याच्या मापाची 2000 लिटरच्या पुढंच लागते. नुसतं पाणीच 2 टन, काच आणि स्टँड वेगळं. माडीवर? आप्पांपुढं विषय काढला तर म्हणाले, "30 सप्टेंबर 93 ला तू कुठं झोपला होतास?" भूकंप पाहिलेल्या माणसापुढं आणखी बोलायची सोय नाही.

सल्ले मात्र फुकट मिळतात. एकजण म्हणतो, मांजरा धरणात सोडून दे. थंडीत जगला नाही तर तो मेला, जगला तर आपल्या गोगलगायी अन् खेकडे मेले. बाहेरून आणलेल्या मांगूर माशानं आपल्या नद्या-तळ्यांतल्या माशांचं काय केलं ते बघूनही लोक असं बोलतात. रम्याच्या मेव्हण्यानं कालवण करू म्हणून सुचवलं. या कुळातल्या माशात विष असतं हे मी त्याला लगेच सांगितलं नाही.

तर मुद्द्यावर येतो. तुझा गोठा. खाली जमीन, शेजारी विहीर. विटांचा हौद बांधू, एका बाजूला जाड काच. विहिरीचं जड पाणी त्याला चालतं. लाइट जाते त्याला सोलर आणि बॅटरीचा एअरपंप, डिसेंबरात हिटर. खर्च माझा. हौदाचं पाणी तुझ्याच लिंबोणीला. गोठा विकू नको म्हणून मी त्या लग्नात सगळ्यांदेखत तुझ्याशी भांडलो, तेव्हा हा अजून दुकानातच होता. म्हणजे माझा स्वार्थ नव्हता, एवढं लक्षात घे. तू मात्र जेवण न करता निघून गेलास. बासुंदी होती.

पोरीचे पेपर कसे गेले? वहिनींचा गुडघा आता बरा असेल. ऑफिसातलं ते प्रकरण मिटलं का, सविस्तर कळव.

किल्ली अजून महादूकाकांकडंच असते ना? मे महिन्यात विहिरीला किती परस पाणी राहतं तेवढं त्यांना विचारून ठेव. रविवारी मी माप घ्यायला जातोय. तू नाही म्हणालास तरी जाणार आहे.

तुझाच,
बाळ्या