‘धक्का लागला’ असे सांगणाऱ्याला अभय द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात लोहगाव विमानतळावरून सकाळच्या विमानाने निघालो असताना जे पाहिले आणि त्यावर सहप्रवाशांचे जे बोलणे कानावर आले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी उजव्या बाजूला, पंखाच्या पुढच्या खिडकीशी बसलो होतो. खाली बेल्ट लोडरने, म्हणजे बॅगा वर सरकवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीने, सामान चढवणे चालू होते. काम संपल्यावर गाडी मागे घेताना ती आधी किंचित पुढे सरकली आणि थबकली. विमानाच्या पोटाचा तो भाग खिडकीतून दिसत नाही आणि आत आम्हाला हादराही जाणवला नाही. पण गाडी चालवणाऱ्या विशी-बाविशीच्या मुलाचा उतरलेला चेहरा मला स्पष्ट दिसला. तो उतरून विमानाखाली गेला, बाहेर आला, हातमोजा काढला आणि पुन्हा आत गेला. त्याचा सहकारी ‘चल, आटप’ अशा खुणा करत होता. मुलाने तिकडे लक्ष दिले नाही. तो धावत गेला आणि इंजिनिअरला बोलावून आणले.

थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले की, सामानाच्या गाडीचा विमानाला स्पर्श झाल्याचे कर्मचाऱ्याने कळवले असून तपासणी झाल्याशिवाय आपण निघणार नाही. तपासणीत लहानसा पोचा आढळला. तो मोजून, मर्यादेत असल्याची नोंद करून विमान सुमारे चाळीस मिनिटे उशिरा सुटले. त्या चाळीस मिनिटांत माझ्या आजूबाजूला एकच सूर होता : ‘अशा पोरांना आधी कामावरून काढा.’

मी वायुदलात विमानांच्या देखभालीच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस आहे. ते वाक्य ऐकून मला जेवढे वाईट वाटले, तेवढे उशिराचे वाटले नाही.

विमानाच्या धडाचा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ, तर आतला दाब मात्र सुमारे आठ हजार फुटांवरच्या हवेइतका राखलेला. या फरकामुळे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून पाच टनांहून अधिक जोर पडतो. प्रत्येक उड्डाणात धड असे फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. जमिनीवर क्षुल्लक वाटणारा ओरखडा किंवा घडी त्या ताणाखाली चीर होऊन उकलू शकते.

हा कल्पनाविलास नाही. २६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत सिएटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाला सुमारे सव्वीस हजार फुटांवर असताना धडाला भोक पडले, आतला दाब गेला आणि ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवले. भोक साधारण फूटभर लांब आणि अर्धा फूट रुंद होते. उड्डाणापूर्वी सामान हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वाहनाचा तिथे धक्का लागला होता आणि त्याने तो कोणालाच सांगितला नव्हता, हे नंतर उघड झाले. माझ्या विमानाखालच्या मुलात आणि त्या कर्मचाऱ्यात फरक एवढाच, की याने सांगितले.

वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून पाहणी करतात, मग चिंता कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही फेरी बहुधा सामान चढत असतानाच होऊन जाते. शेवटची बॅग चढवताना किंवा गाडी मागे घेताना जो धक्का लागतो, त्याचा साक्षीदार गाडी चालवणारा एकटाच. त्यात, माणसे आणि सामान चढत जाते तसे विमान चाकांच्या दांड्यांवर हळूहळू खाली बसते, त्यामुळे आधी नीट अंतर ठेवून लावलेला पट्टाही दाराला टेकू शकतो. नव्या विमानांत अॅल्युमिनियमऐवजी कार्बन तंतूंचे थर दिलेले भाग वाढले आहेत (बोइंग ७८७ चे वजनाने जवळपास निम्मे अंग असे आहे) आणि हे थर धक्क्याने आत सुटले तरी वरून कधीकधी काहीच दिसत नाही. अशा वेळी डोळ्यांनी केलेली पाहणी अपुरी पडते. जागा कोणती, हे कुणीतरी सांगावेच लागते.

मे २०२४ मध्ये याच लोहगावला दिल्लीकडे निघालेल्या, सुमारे १८० प्रवाशांच्या विमानाची टग ट्रॅक्टरशी, म्हणजे विमाने आणि सामान ओढणाऱ्या गाडीशी, धडक झाली. ती सर्वांनी पाहिली, म्हणून विमान थांबले. मला भीती न दिसणाऱ्या धक्क्यांची वाटते. आपला विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. धावपट्टी एकच, नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मोजक्या, आणि ठरलेली वेळ चुकली तर ओरडा खालपर्यंत पोहोचतो. कंत्राटी पगारावर काम करणाऱ्या मुलाच्या मनात अशा घाईत आधी काय येत असेल, हे सांगायला नको.

म्हणून लोहगावला सेवा देणाऱ्या विमान कंपन्यांना आणि सामान हाताळणीचे कंत्राट घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की धक्का लागल्याचे उड्डाणापूर्वी स्वतःहून सांगणाऱ्याची नोकरी किंवा एका दिवसाचाही पगार जाणार नाही, असे लेखी द्यावे आणि ते कर्मचाऱ्यांच्या खोलीत मराठीत आणि हिंदीत लावावे. लपवणाऱ्यावर कारवाई जरूर करा. आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये, एखादा पाना हरवल्याचे कबूल करणाऱ्याला साहेब चारचौघांत कधी बोलले नाहीत. तो सापडेपर्यंत विमान मात्र हलले नाही. माणसे सांगायला धजावत, ती त्यामुळेच.

त्या दिवसाची तारीख, वेळ आणि विमानाचा क्रमांक देऊन मी संबंधित कंपनीला पत्र पाठवले असून, तो मुलगा अजून कामावर आहे का, एवढेच विचारले आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही.

आपला,
वायुदलातील एक निवृत्त तंत्रज्ञ,
धानोरी, पुणे